उजवीकडचा रकाना : इंग्रजी कादंबरी आणि भोकरचा वाचक

कादंबऱ्या वाचून इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवावी, हा उपदेश मराठी माणूस गेली दीडशे वर्षे ऐकत आला आहे. या उपदेशाचे दृश्य रूप म्हणजे शब्दार्थाची वही. पानाच्या मध्यावर उभी रेघ, डावीकडे कादंबरीतून उचललेला इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. शिक्षकाने सांगितलेला, कोशातून काढलेला किंवा बाजारातल्या मार्गदर्शिकेतून उतरवलेला. वाङ्मयसमीक्षेने या वहीची दखल घेतलेली नाही. ती अध्यापनशास्त्राच्या खात्यात टाकून समीक्षा मोकळी झाली. वस्तुतः ही वही म्हणजे एका विशिष्ट वाचनव्यवहाराचा लेखी पुरावा आहे. वाचक संहितेत कोठे थांबला, काय उचलले आणि कशावरून पुढे सरकला, हे इतक्या उघडपणे सांगणारा दस्तऐवज वाचककेंद्री समीक्षेला क्वचितच हाती लागतो.

वोल्फगांग इझर याने १९७६च्या आपल्या ग्रंथात संहितेतील रिकाम्या जागांची कल्पना मांडली. लेखक काही सांगत नाही, ते वाचक भरून काढतो आणि या भरण्यातूनच कृती साकार होते, असा तिचा आशय. या वाचकाला संहितेची भाषा येते, हे मात्र त्यात गृहीतच आहे. भोकरच्या वाचकाला भेटणाऱ्या रिकाम्या जागा लेखकाने ठेवलेल्या नसतात. त्या शब्दाशब्दाला पडलेल्या असतात, आणि त्या कल्पनाशक्तीने नव्हे, कोशाने भरल्या जातात. म्हणून या वाचकाचा विचार करताना पहिला प्रश्न असा येतो की, या जागा तो नेमक्या कोणत्या भाषेने भरतो? उत्तर 'मराठीने' असे असेल तर ते पुरेसे नाही. कोणत्या मराठीने, हा खरा प्रश्न आहे.

भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर आहे. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे तेलुगू कानावर पडते. बाजारात दख्खनी चालते. परिसरातील तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. मराठी सर्वांची आहे, परंतु प्रमाण मराठी ही त्यांतील फारच थोड्यांच्या घरची भाषा आहे. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्या पिढीच्या दृष्टीने 'वरचा' शब्द इंग्रजी नव्हता. तो दरखास्त, तामील, मुन्सफ असा होता. ज्या गावातील महाविद्यालयाला हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नेते दिगंबरराव बिंदू यांचे नाव आहे, त्या गावात 'कठीण शब्द' या कल्पनेला एक इतिहास आहे. १९४८च्या आधी कठीण शब्द कचेरीतून येत. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर ते मुंबई-पुण्याच्या मराठीतून येऊ लागले. आणि आता ते इंग्रजीतून येतात. अवघड शब्द वरून खाली येतात आणि खालच्याने ते पाठ करायचे असतात, ही व्यवस्था मात्र तिन्ही वेळा कायम राहिली.

इंग्रजीतील 'प्रगत' शब्द म्हणजे कोणते, हेही एकदा पाहून घेतले पाहिजे. स्पर्धा परीक्षांच्या याद्यांमधून आणि शब्दसंपत्ती वाढविण्याच्या पुस्तकांतून जे शब्द प्रगत म्हणून दिले जातात, ते बहुतांशी लॅटिन वा फ्रेंच कुळातले असतात. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत जे दोन मजले तयार झाले त्यांतील वरच्या मजल्यावरचे हे रहिवासी. नांगर, दूध, माती, भाकरी यांचे इंग्रजी शब्द जुन्या कुळातले. न्याय, विवेक, द्विधा मनःस्थिती यांचे वरच्या मजल्यावरचे. मराठीतही असे दोन मजले आहेत आणि वरच्या मजल्यावर संस्कृत तत्सम शब्द राहतात. शब्दार्थाच्या वहीत इंग्रजीचा वरचा मजला मराठीच्या वरच्या मजल्याशी जोडला जातो. दोहोंचे खालचे मजले एकमेकांना कधी भेटत नाहीत. हट्टी माणसासाठीचा एक भारदस्त इंग्रजी शब्द डावीकडे येतो तेव्हा उजवीकडे 'दुराग्रही' लिहिले जाते. भोकरच्या मुलाला हेकट माणूस माहीत असतो, आडमुठा माणूस तर त्याच्या भावकीतच असतो. दुराग्रही माणूस त्याला कधी भेटलेला नसतो. म्हणजे एका अनोळखी शब्दाचा अर्थ दुसऱ्या अनोळखी शब्दाने सांगितला गेला. तांड्यावरून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर उजवीकडचा रकाना ही तिसरी भाषा ठरते. दोन्ही शब्द पाठ होतात आणि दोन्ही परीक्षेपुरते राहतात.

थॉमस हार्डीच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' या १८८६ सालच्या कादंबरीच्या आधाराने ही गोष्ट पाहण्यास दोन कारणे आहेत. भारतातील विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत हार्डी दीर्घकाळ होता, हे एक. दुसरे आणि महत्त्वाचे कारण असे की, ही कादंबरी धान्याच्या बाजाराची आहे आणि तिच्या मध्यभागी एक मुलगी आहे, जी पुस्तके वाचून वरचे शब्द शिकते.

प्रथम शीर्षकच घ्यावे. कोणताही कोश 'मेयर'साठी 'महापौर' देईल. परंतु कॅस्टरब्रिज, म्हणजे हार्डीने रूपांतरित केलेले डॉर्चेस्टर, हे भोवतालच्या शेतीवर जगणारे बाजारगाव आहे. गावाच्या टोकाला उभे राहिले तर शेत दिसते. नांदेडला महापौर असतो. भोकरला नगराध्यक्ष असतो. 'महापौर' असे लिहिताच कादंबरी मुंबईला जाऊन बसते आणि 'नगराध्यक्ष' म्हणताच ती हाकेच्या अंतरावर येते. मायकेल हेन्चर्ड हा मुळात वैरणीच्या पेंढ्या बांधणारा मजूर. जत्रेतल्या एका पालात दारूच्या अमलाखाली तो आपली बायको एका खलाशाला पाच गिनींना विकतो आणि सुमारे अठरा वर्षांनी तोच माणूस धान्याचा मोठा व्यापारी आणि गावाचा पहिला नागरिक होऊन बसलेला आढळतो. मराठवाड्यातल्या वाचकाला या माणसाची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याला मोंढा माहीत आहे. अडत्या, हमाल, मापाडी, मुनीम ही सगळी माणसे त्याने पाहिलेली आहेत. डोनल्ड फारफ्रे हा स्कॉटलंडचा तरुण हेन्चर्डकडे नोकरीस राहतो आणि हिशेबाच्या शिस्तीने धंदा सावरतो. उजवीकडच्या रकान्यात तो 'व्यवस्थापक' होतो. 'मुनीम' म्हटले असते तर मालक आणि मुनीम यांच्यातील विश्वास, धास्ती आणि पुढे होणारी स्पर्धा, हे सगळे त्या एका शब्दाबरोबर आले असते.

गव्हाची 'फर्मिटी' याहून बोलकी आहे. दुधात शिजवलेला गहू, मनुका घातलेले हे जुने इंग्रजी खाणे, म्हणजे आपल्याकडच्या गव्हाच्या खिरीचे भावंड. जत्रेतली म्हातारी त्यात चोरून दारू मिसळते आणि त्या वाडग्यातून सारी कथा सुरू होते. पुढे हीच म्हातारी न्यायासनावर बसलेल्या हेन्चर्डसमोर आरोपी म्हणून उभी राहते आणि त्याचा भूतकाळ बाहेर काढते. म्हणजे कथानकाची दोन्ही टोके या एका शब्दाला बांधलेली आहेत. परंतु प्रगत शब्दांच्या कोणत्याही यादीत 'फर्मिटी'ला जागा नाही, कारण परीक्षेत तो विचारला जात नाही. शब्दसंपत्तीसाठी वाचणारा वाचक त्याच्यावर थांबत नाही. तो थांबतो हार्डीच्या निवेदकाच्या तत्त्वचिंतनपर, लॅटिनप्रचुर वाक्यांवर. हार्डीचे हे वाक्य अनेकदा अवघडलेले, शिकलेल्या माणसाने शिकलेपण दाखवण्यासाठी लिहिल्यासारखे वाटते. कादंबरीतला सर्वांत दुबळा भाग वहीत जातो आणि सर्वांत सकस भाग वहीबाहेर राहतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पेरणीयंत्राच्या प्रसंगात हा वाचनव्यवहार सर्वाधिक उघडा पडतो. कॅस्टरब्रिजच्या बाजारात घोड्याने ओढायचे नवे पेरणीयंत्र येते आणि सारा गाव ते पाहायला लोटतो. तोवर तिकडे बी हाताने फेकून पेरले जात होते. यंत्राने बी नेमके सरीत पडणार, वाया जाणार नाही, म्हणून फारफ्रे आनंदतो. एलिझाबेथ-जेनला मात्र पेरणाऱ्या माणसाची कविता संपल्याची हुरहूर वाटते. इंग्रजी समीक्षेने हा प्रसंग ग्रामव्यवस्थेत आधुनिकतेच्या प्रवेशाचा म्हणून वाचला आहे आणि ते ठीकच आहे. परंतु भोकरचा वाचक हे वाचताना एका अनपेक्षित जागी उभा असतो. त्याच्या घरी तिफण आहे. चाड्यात मूठ सोडायची, नळ्यांतून बी सरळ रेषेत मातीत जायचे, हे दख्खनमध्ये फार जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इकडे आलेल्या इंग्रज निरीक्षकांनी त्याची नोंद केली होती. कॅस्टरब्रिजचे नवल या वाचकाचे जुनेपण आहे. शिवाय तिफणीमागे गाणे असते. पेरणीची कविता ओळीत पेरल्याने संपते, हे त्याला पटण्याचे कारण नाही. एलिझाबेथ-जेनच्या हळहळीला उत्तर देण्याची ताकद या वाचकाजवळ आहे आणि लंडनच्या वाचकाजवळ ती नव्हती. आता वहीत पाहावे तर उजवीकडे लिहिलेले असते : पेरणी यंत्र. एवढ्या दोन शब्दांनी ही ताकद काढून घेतली जाते. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी–इंग्रजी कोश केला तेव्हा त्याने खेड्यापाड्यांतले शब्द आवर्जून गोळा केले होते, याची येथे आठवण होते. मराठीकडून इंग्रजीकडे जाणारा रस्ता बांधावरून गेला. इंग्रजीकडून मराठीकडे येणारा मात्र पुढे परिभाषेच्या कचेरीतून आला. भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशाची त्या काळी झालेली टिंगल सर्वश्रुत आहे. ती सगळीच न्याय्य नव्हती, पण तिच्यामागची अस्वस्थता खोटी नव्हती.

एलिझाबेथ-जेनकडे आता वळता येईल. ती गरिबीत वाढलेली आहे. सुस्थिती येताच तिला प्रथम वाटते ते असे की, हे नटणेमुरडणे विकून व्याकरणे, शब्दकोश आणि तत्त्वज्ञानांचा इतिहास विकत घ्यावा. शब्दसंपत्ती वाढवू पाहणारी याहून प्रांजळ नायिका इंग्रजी कादंबरीत शोधावी लागेल. मिळेल ते ती अधाशासारखी वाचते आणि पुढे लॅटिनही शिकू लागते. परंतु तिच्या बोलण्यात अधूनमधून गावचे शब्द येतात. थोडा वेळ इथेच थांबा, असे सांगताना एकदा ती बोलीतले क्रियापद वापरते आणि हेन्चर्ड तिच्यावर तुटून पडतो. डुकरांच्या चाऱ्याचा उल्लेख करून तिचा अपमान करतो. त्यानंतर ती स्वतःच्या तोंडावर पहारा बसवते. 'फे' म्हणायचे सोडून ती यशस्वी होण्याचा पुस्तकी शब्द वापरू लागते. 'डंबलडोर' सोडून भुंग्याचे शिष्टसंमत नाव घेते. 'ग्रेगल्स' या रानफुलांना ती आता फुलांच्या पुस्तकातले नाव देते. रात्री झोप लागली नाही तर आपण 'हॅग-रिड' झालो असे नोकरांना न सांगता अपचन झाले असे सांगते. हार्डी हे सारे एका परिच्छेदात, थट्टेच्या सुरात सांगून पुढे जातो. विनोद आहेच, परंतु त्या थट्टेच्या आत एका मुलीची भाषा शब्दागणिक काढून घेतली जात आहे.

या बदलांना समानार्थी शब्दांची अदलाबदल म्हणता येईल काय? भुंग्याच्या बाबतीत कदाचित म्हणता येईल. 'हॅग-रिड'च्या बाबतीत मुळीच नाही. त्या शब्दात एक चेटकीण आहे, ती रात्री झोपलेल्याच्या छातीवर स्वार होते. अपचनात फक्त पोट आहे. पहिल्या शब्दात माणसाच्या त्रासाचे कारण त्याच्या बाहेर, काळोखात आहे आणि त्याभोवती एक समूहाचे ज्ञान आहे. दुसऱ्यात ते कारण त्याच्या शरीरात, एकट्याच्या आत गेले. शब्द बदलला तसे जगाचे स्पष्टीकरण बदलले. नवे स्पष्टीकरण अधिक खरे असेल, तो प्रश्न वेगळा. परंतु 'याचा अर्थ ते' असे म्हणून मधली उभी रेघ ओढता येत नाही. आपल्याकडे बाहेरचे लागले असे म्हणणारी आजी आणि ताण आला असे म्हणणारी नात यांच्यातही हेच अंतर आहे. दोघींचे वाक्य एकाच रात्रीबद्दल असले तरी त्या एकच गोष्ट सांगत नाहीत. सोस्यूरच्या भाषेत, चिन्हाचे मूल्य त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरते. आणि हे शेजारी वहीच्या रकान्यात उतरत नाहीत.

जाता जाता एक नोंद. एलिझाबेथ-जेनने टाकून दिलेला 'डंबलडोर' १९९७पासून जगभरच्या मुलांच्या तोंडी आहे. जे. के. रोलिंग यांनी जादूच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला हेच नाव दिले. भोकरच्या एखाद्या मुलालाही ते ठाऊक असेल, फक्त तो भुंगा होता हे ठाऊक नसेल. बोलीतील शब्द प्रमाणभाषेत परतला, पण पदवी घेऊन आणि पंख ठेवून.

शब्दांचा हा पहारा बसविणारा कोण, ही या प्रसंगातील सर्वांत टोकदार बाब आहे. गावात जन्माने सुशिक्षित माणसे आहेत, पण टीका करतो तो हेन्चर्ड, जो स्वतः अशिक्षित आहे आणि ज्याच्या तोंडची भाषा मुळात मजुराची आहे. हार्डीने हे कारण म्हणूनच दिले आहे : स्वतः असंस्कृत म्हणूनच तो सर्वांत कठोर. त्यातच नुकतेच, ही आपली मुलगी नव्हे, त्या खलाशाची आहे, हे त्याला मृत बायकोच्या पत्रातून कळलेले आहे. राग शब्दावर निघतो, पण तो शब्दाचा नसतो. उलट फारफ्रेची स्कॉच बोली साऱ्या गावाला मोहविते. खाणावळीत तो मायभूमीची गाणी म्हणतो तेव्हा ऐकणारे भारावून जातात. एकाच कादंबरीत एकाची बोली हे त्याचे भूषण आणि दुसरीची बोली हा तिचा डाग ठरतो. बूर्द्यू भाषेच्या बाजारपेठेविषयी बोलतो. मोंढ्यातला वाचक असे म्हणेल की माल तोच, भाव आणणाऱ्यावर ठरतो.

मराठीच्या विद्यापीठीय व्यवहाराला हा आरसा परका वाटू नये. लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच्या भाषेचा जिवंतपणा वाखाणणारे प्रबंध लिहिले गेले. परंतु त्या पुस्तकावरील प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने त्याच्या स्वतःच्या बोलीत लिहिले तर लाल शाईची खूण होते. बोली पाठ्यपुस्तकात वाङ्मयगुण आणि उत्तरपत्रिकेत दोष ठरते. हा दोष दाखविणारे प्राध्यापक बहुधा पहिल्या पिढीचे शिकलेले असतात. त्यांनी स्वतःची भाषा कष्टाने घासूनपुसून काढलेली असते आणि विद्यार्थ्याच्या वाक्यात त्यांना आपलेच मागे राहिलेले गाव ऐकू येते. हेन्चर्डच्या संतापात अशीच लाज आहे. तिला दुष्टपणा म्हणणे सोपे आहे, परंतु ते अपुरे आहे.

शब्द शिकण्याचे शास्त्र या वहीबद्दल काय सांगते, हेही नोंदविणे अवश्य आहे, कारण वहीची थट्टा करणे समीक्षकाला परवडते, विद्यार्थ्याला नाही. १९७८ साली सरागी, नेशन आणि मायस्टर या अभ्यासकांनी अँथनी बर्जेसची 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' ही कादंबरी इंग्रजी मातृभाषा असलेल्या वाचकांना दिली. या कादंबरीत बर्जेसने बव्हंशी रशियनवरून घडविलेले दोनशे एक्केचाळीस शब्द आहेत आणि ते सरासरी पंधरा वेळा येतात. शब्दसूची न देता, परीक्षेची कल्पना न देता वाचायला लावल्यावर नव्वद शब्दांची चाचणी घेतली, तर सरासरी शहात्तर टक्के अर्थ बरोबर आले. कादंबरी शब्द शिकविते, याचा हा प्रसिद्ध पुरावा. परंतु ते वाचक स्वतःच्या भाषेत वाचत होते. शब्द परके असले तरी भोवतालचे वाक्य घरचे होते. १९९८ साली हॉर्स्ट, कॉब आणि मीरा यांनी ओमानमधील विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला, आणि त्यासाठी घेतलेले पुस्तक होते 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज'चीच सुलभ आवृत्ती. सुमारे एकवीस हजार शब्दांचे ते पुस्तक संपूर्ण ऐकत-वाचत पार केल्यावर विद्यार्थ्यांना चाचणीतील सरासरी पाचेक नवे शब्द आले. न येणाऱ्या पाचांपैकी एक, असे हे प्रमाण पडते.

पाच शब्द! या हिशेबाने मूळ इंग्रजी कादंबरी आधाराशिवाय वाचण्याइतकी मजल गाठण्यास आयुष्य पुरणार नाही, कारण पॉल नेशन यांच्या २००६च्या अंदाजानुसार त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुले यावी लागतात. शिवाय कोणत्याही दीर्घ संहितेतील वेगवेगळ्या शब्दांपैकी निम्म्याच्या आसपास शब्द एकदाच येतात. अवघड शब्द तर हमखास त्यांत असतात. तेव्हा नुसते वाचत राहा, शब्द आपोआप येतील, हा सल्ला ज्याच्या घरी इंग्रजी आहे त्याने ज्याच्या घरी नाही त्याला द्यावा, यात थोडी क्रूरता आहे. वही लागणारच.

या दोन प्रयोगांतली दुसरी एक गोष्ट अभ्यासकांच्या लक्ष्याबाहेरची आहे. बर्जेसच्या कादंबरीच्या अमेरिकी आवृत्तीला शब्दसूची जोडली गेली, ती त्याला रुचली नव्हती. वाचकाने ते शब्द नकळत आत्मसात करावे, म्हणजे मन घडविण्याच्या ज्या प्रक्रियेबद्दल कादंबरी आहे तीच त्याच्यावर घडावी, असा त्याचा डाव होता. शब्द शिकविणे हे त्या कृतीच्या आशयातच होते. हार्डीच्या कादंबरीतही आहे, पण सुलभ आवृत्ती ज्या नियमाने बनते त्या नियमानेच 'डंबलडोर' आणि 'ग्रेगल्स' यांना तिच्यात थारा मिळणे कठीण. वारंवार न येणारे शब्द प्रथम गाळले जातात. म्हणजे हेन्चर्डने जे एका मुलीच्या बाबतीत केले तेच संपादकाने साऱ्या पुस्तकाच्या बाबतीत करायचे. आणि मग त्या पुस्तकातून किती शब्द शिकले गेले हे मोजायचे.

मराठीच्या इतिहासात या प्रकारच्या वाचनाने काय घडविले, हे चिपळूणकरांच्या उदाहरणावरून दिसते. डॉ. जॉन्सनचे 'रासेलस' १७५९चे. कोशकाराने लिहिलेली कथा, आणि तिची भाषा कोशाच्या वरच्या मजल्यावरची. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री या पितापुत्रांनी तिचे मराठी भाषांतर केले. पुढच्याच वर्षी, १८७४ साली, निबंधमाला सुरू झाली आणि तीत विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनवर विस्ताराने लिहिले. निबंधमालेच्या वाक्याची लांबी, तोल आणि ठाशीवपणा या शाळेतून आला. तेव्हा उजवीकडचा रकाना हा नेहमीच दरिद्री असतो, असे म्हणता येणार नाही. भाषांतर करणारा आपल्या भाषेचा मालक असला तर त्या रकान्यातून नवे गद्य निघते. 'कादंबरी' हा शब्दच मुळात अशा रकान्यात लिहिलेला अर्थ आहे : बाणभट्टाच्या एका कृतीचे नाव मराठीने सबंध वाङ्मयप्रकाराला दिले. भालचंद्र नेमाडे यांनी मराठीवरील इंग्रजीच्या प्रभावाचा जो अभ्यास केला तो या प्रक्रियेच्या गद्यशैलीवरील परिणामांचा आहे. त्यांचे देशीवादी निष्कर्ष मान्य असोत वा नसोत, प्रभाव शब्दांवर थांबत नाही, वाक्याच्या हाडापर्यंत जातो, हे त्यांचे निरीक्षण नाकारता येत नाही.

चिपळूणकर आणि भोकरचा विद्यार्थी यांच्यातला फरक बुद्धीचा नाही, मालकीचा आहे. शास्त्र्यांच्या घरी संस्कृत आणि प्रमाण मराठी होती. वरच्या मजल्याचा जिना त्यांच्या वाड्यातच होता. भोकरच्या विद्यार्थ्याकडे जे आहे ते मोंढ्याचे, तिफणीचे, तांड्याचे आहे, आणि नेमके तेच लिहायची त्याला मुभा नाही. ती मुभा असती तर वहीचे स्वरूप काय झाले असते, याची कल्पना अवघड नाही. हेन्चर्डच्या स्वभावाचे वर्णन करणाऱ्या चार-पाच इंग्रजी विशेषणांसमोर तापट, हेकट, आडदांड, एककल्ली, मनात धरून ठेवणारा असे शब्द आले असते, आणि ते लिहिताना कोणता कोठे बसत नाही हे शोधावे लागले असते. हा बसत नाही, कारण त्यात माया आहे. तो बसत नाही, कारण तो फक्त बाईला लावतात. हा शोध म्हणजेच समीक्षा. इंग्रजी शब्दही त्या शोधात अधिक पक्का होतो, कारण तो एका शब्दाशी नव्हे, चार शब्दांच्या भांडणाशी जोडला जातो. गोरमाटीतला किंवा तेलुगूतला शब्द अधिक नेमका असेल तर तोही यावा. परीक्षकासाठी 'दुराग्रही' शेवटी कंसात लिहिता येईल.

अशा वहीला वेळ लागेल आणि पाने कमी भरतील, ही हरकत खरी आहे. सबंध कादंबरीऐवजी तीन-चार प्रकरणेच होतील. त्यांत पेरणीयंत्राचे एक असावे, एलिझाबेथ-जेनच्या शब्दांचे एक, आणि शेवटचे तर असावेच. शेवटच्या प्रकरणात हेन्चर्ड एका पडक्या झोपडीत मरतो आणि मागे पेन्सिलीने लिहिलेला एक कागद ठेवतो : आपल्याला कोणी आठवू नये, आपल्यासाठी कोणी शोक करू नये, अशा अर्थाच्या काही ओळी. इंग्रजी कादंबरीतील अत्यंत जड मजकुरांपैकी तो एक आहे, आणि शब्दार्थाच्या वहीत जाण्याजोगे शब्द त्यात फार तर दोन-तीन निघतील. आयुष्यभर एका मुलीच्या शब्दांवर आणि हस्ताक्षरावर डोळे वटारणाऱ्या या माणसाच्या लिखाणात शुद्धलेखनाची चूकही आहे. तो कागद एलिझाबेथ-जेन आणि फारफ्रे यांच्या हाती देतो तो एबल व्हिटल. हेन्चर्डने एकदा उशिरा आला म्हणून अर्ध्या कपड्यांनिशी कामावर ओढून आणलेला हा मजूर, शेवटी त्याची सेवा करायला तोच एकटा उरलेला असतो. त्याला वाचता येत नाही. कागदावर काय लिहिले आहे, हे आपल्याला ठाऊक नाही, एवढे सांगून तो कागद पुढे करतो.